मल्लिका तनेजाचं रंगकाम कसं वाचायचं? कोण बघतंय, कोण चालतंय, कोण उठून जाऊ शकतं

समजा, तुम्ही पेट दिली आहे, मुलाखत तोंडावर आली आहे आणि विषय म्हणून एखादा नव्याने पुढे आलेला रंगकर्मी निवडला आहे. पहिली अडचण ठरलेली असते. कामं मोजकी, त्यांत वरवर काही साम्य नाही, छापील संहिता नाही आणि संदर्भ म्हणून वर्तमानपत्रातली चार परीक्षणं. मग सिनॉप्सिसमध्ये आपण काय लिहितो? ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’, ‘विविधांगी योगदान’, ‘अभिनय, दिग्दर्शन, देहबोली अशा सर्व क्षेत्रांत लीलया संचार’. खोटं काहीच नाही त्यात. पण संशोधनही नाही.

मीही हेच लिहिलं होतं. एका सादरीकरणात समोर बसलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “बहुआयामी म्हणताय, तर ते आयाम एकमेकांना कुठे छेदतात ते सांगा.” मला सांगता आलं नाही. आजचा लेख त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा. उदाहरण म्हणून घेतेय दिल्लीच्या मल्लिका तनेजा यांचं काम. एक तर ते महत्त्वाचं आहे. दुसरं म्हणजे ‘विषय’ आणि ‘प्रश्न’ यांतला फरक या कामातून जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दिसतो.

आधी कामांची ओळख

तनेजा दिल्लीत ‘टॅडपोल रेपर्टरी’ या नाट्यगटाबरोबर काम करत होत्या. त्यांचं नाव सर्वदूर झालं ते ‘थोडा ध्यान से’ या एकपात्री प्रयोगामुळे. १६ डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर देशभर जी चर्चा चालली होती, त्या काळातून हा प्रयोग आला. सुरुवातीला तो अगदी छोटा, काही मिनिटांचा होता, नंतर वाढत गेला. २०१५ साली झुरिकच्या ‘थिएटर श्पेक्टाकल’ महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला आणि मग तो बऱ्याच देशांत फिरला.

पुढे ‘अलेजेडली’ आलं. लैंगिक हिंसेबद्दल आपण कसं बोलतो, याभोवती फिरणारं काम. मग गाणं आणि आठवण यांच्याशी संबंधित ‘डू यू नो धिस साँग?’. आणि या सगळ्याच्या जोडीला ‘विमेन वॉक ॲट मिडनाइट’, म्हणजे बायकांनी मध्यरात्री एकत्र जमून शहरातून चालणं. तिकीट नाही, नेपथ्य नाही, रंगमंच नाही.

आता ही यादी बघून तुम्ही लगेच म्हणाल, विषय सोपा आहे, ‘स्त्रीसुरक्षा’. किंवा जरा भारदस्त करून, ‘मल्लिका तनेजा यांच्या रंगकार्यातील स्त्रीवादी जाणिवा: एक चिकित्सक अभ्यास’. थांबा. हे शीर्षक तनेजांचं नाव काढून दुसऱ्या पन्नास रंगकर्मींना लावलं तरी चालेल. नाव बदलून चालणारं शीर्षक म्हणजे अजून प्रश्न सापडलेला नाही, असं मी सध्या मानते. विषय कळला की काम कशाबद्दल आहे ते कळतं. ते काम कसं करतं हे मात्र कळत नाही. ते कळण्यासाठी आधी वर्णन करावं लागतं, आणि आपण सगळे नेमकी तीच पायरी गाळतो.

आधी वर्णन, अर्थ नंतर

‘थोडा ध्यान से’ असं घडतं. प्रयोग सुरू होतो तेव्हा तनेजा प्रेक्षकांसमोर उभ्या असतात. अंगावर कपडे नाहीत. त्या बोलत नाहीत, काही ‘करत’ नाहीत. काही मिनिटं नुसत्या उभ्या राहून समोरच्यांकडे बघतात. मग बोलणं सुरू होतं आणि त्याबरोबर कपडे घालणंही. बोलण्याचा सूर गप्पांचा आहे, हसतखेळत. आशय एवढाच की मुलींनी जरा जपून राहायला काय हरकत आहे? एकटीने जाऊ नये, उशिरा जाऊ नये, असं घालू नये, तसं घालू नये. जबाबदारी आपलीही असतेच ना. प्रत्येक सल्ल्याबरोबर अंगावर एक थर चढतो. थरावर थर, त्यावर आणखी थर. शेवटी हेल्मेट. बाई सुरक्षित झाली, पण आता तिला धड हलता येत नाही.

वर्णन एवढंच. आता यातून काय काय दिसतं ते बघा.

पहिलं म्हणजे दिशा. कपडे उतरवत नेणं हा सादरीकरणाचा जुना, बाजारू प्रकार आहे. त्यात प्रेक्षकाची उत्सुकता वाढवत न्यायची असते. इथे क्रम उलटा आहे. जे शेवटी दाखवायचं ते पहिल्याच क्षणी दाखवून टाकलं. उत्सुकता संपली. उरली ती अस्वस्थता, आणि ती बाईची नाही, बघणाऱ्याची.

दुसरं म्हणजे हालचाल. आपण देहाधारित रंगभूमी म्हटलं की उड्या, कसरती, कलरीपयट्टूच्या मुद्रा शोधतो. इथली सर्वांत प्रभावी हालचाल म्हणजे न हलणं. त्यानंतर कपडे घालण्याची रोजची, घरगुती क्रिया. आणि शेवटी थरांच्या ओझ्याने हालचाल अशक्य होत जाणं. म्हणजे हा प्रयोग हालचालीबद्दलच आहे. ती हळूहळू हिरावली कशी जाते, एवढंच तो दाखवतो. ‘देहबोलीचा प्रभावी वापर’ या तीन शब्दांत हे कधीच आलं नसतं.

तिसरं म्हणजे शब्द आणि शरीर यांच्यातलं भांडण. शब्द म्हणतात, जप. शरीर दाखवतं, जपल्याने काय झालं.

नुसती संहिता वाचली तर?

हा तिसरा मुद्दा तुमच्या पद्धतीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. मराठी विभागांत आपल्याला नाटक ‘वाचायला’ शिकवतात. कथानक, व्यक्तिरेखा, संघर्ष, संवाद. आता ‘थोडा ध्यान से’चं फक्त बोलणं कागदावर उतरवा आणि वर्गात वाचून दाखवा. काय ऐकू येईल? एखाद्या काळजीवाहू मावशीचे सल्ले. काही जण माना डोलावतील, “बरोबरच आहे की.” उपरोध कागदावर नाही. तो शरीर आणि वाक्य यांच्या मधल्या फटीत आहे.

आपल्याकडे याचा एक व्यवस्थात्मक पुरावाही आहे. महाराष्ट्रात नाट्यप्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते. मंडळ वाचतं ते शब्द. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’वरून विजय तेंडुलकर आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना काय सोसावं लागलं, ते तुम्हाला माहीत आहे. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या वादात नाटकातल्या वाक्यांची चिरफाड झाली, कारण आक्षेप घ्यायला आणि बचाव करायलाही वाक्यंच हाताशी होती. आता अशी कल्पना करा, की संहितेच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे, ‘ती उभी राहते.’ मंडळ काय कापणार? आणि संशोधक काय उद्धृत करणार? दोघांचीही पंचाईत सारखीच.

मग चित्रफीत बघून भागेल का? पेगी फेलन यांनी १९९३च्या ‘अनमार्क्ड’ या पुस्तकात असं मांडलं की प्रयोगाचं अस्तित्व त्या घडीपुरतंच असतं, नोंद झाली की ती दुसरीच वस्तू होते. फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९च्या ‘लाइव्हनेस’मध्ये याला विरोध केला. प्रत्यक्ष आणि मुद्रित यांच्यात इतकी स्वच्छ रेघ मारता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा वाद सिनॉप्सिसमध्ये सजावट म्हणून टाकू नका, तो वापरा. इथे तो असा वापरता येतो. घरी पडद्यावर बघताना तुम्ही थांबवू शकता, पुढे ढकलू शकता, आणि पहिल्या मिनिटांत नजर कुठे ठेवायची हा प्रश्न तुम्हाला पडतच नाही. शेजारी कुणी बसलेलं नसतं. पण या प्रयोगात शेजारचा प्रेक्षक हाही आशयाचा भाग आहे, कारण तुम्ही बघताय हे त्याला दिसतंय. म्हणजे चित्रफितीतून तुम्हाला तनेजा दिसतील, प्रेक्षक म्हणून तुमची झालेली कोंडी दिसणार नाही. आपल्या साधनातून काय सुटतं हे संशोधकाने स्वतःच लिहून टाकावं. परीक्षकाने दाखवून देण्याची वाट बघू नये.

तीन साधे प्रश्न

आता यादीकडे परत येऊ. एकपात्री प्रयोग, संवादाचं काम, गाण्याचं काम, मध्यरात्रीची चाल. यांना जोडणारं काय? ‘बाई’ हे उत्तर फार मोठं आहे, हातात काहीच येत नाही. मी त्याऐवजी प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारते. कोण बघतंय? कोण हलू शकतंय? आणि इथून उठून कोण जाऊ शकतं?

आधी नुसती नावं घ्या. ‘थोडा ध्यान से’ हा कुणीतरी कुणाला तरी दिलेला सल्ला आहे. ‘अलेजेडली’, म्हणजे ‘कथितरीत्या’, हा बातमीतला आणि कोर्टातला शब्द, कुणाच्या तरी बोलण्याला लावलेली शंकेची शेपटी. कायद्याच्या दृष्टीने तो आवश्यक आहे, आणि तरी सांगणाऱ्या बाईला तो रोज ऐकावा लागतो. ‘डू यू नो धिस साँग?’ हा समोरच्याला विचारलेला प्रश्न आहे. तिन्ही नावं म्हणजे कुणाला तरी उद्देशून केलेलं बोलणं. चौथं नाव मात्र नुसतं विधान आहे, बायका मध्यरात्री चालतात. त्यात समोर कुणी नाही. सल्ला नाही, शंका नाही, प्रश्न नाही.

हा योगायोग असेल, नसेल. पण इथे मला पहिल्यांदा एक धागा हाती लागला. रंगमंचावरच्या कामांत समोर कुणीतरी आहे आणि त्या ‘समोरच्या’चं काय करायचं हाच प्रश्न आहे. चालण्यात तो समोरचा काढूनच टाकलाय. म्हणजे ही विविधता एकाच प्रश्नाच्या वेगवेगळ्या मांडण्यांची आहे. बाईचं शरीर आणि त्याकडे लागलेली नजर, यांतली जबाबदारी कुणाची? ‘थोडा ध्यान से’मध्ये सगळ्या नजरा एका शरीरावर एकवटतात आणि ते शरीर उलट बघतं. मध्यरात्रीच्या चालीत बघणाऱ्यांसाठी जागाच ठेवलेली नाही. आलात तर चाला, नाहीतर घरी बसा.

तिसरा प्रश्न, उठून जाण्याचा, किरकोळ वाटेल. पण लावून बघा. प्रयोगातला प्रेक्षक उठून जाऊ शकतो, फक्त सगळ्यांच्या देखत. सादरकर्ती जाऊ शकत नाही. आणि ज्यांना तो सल्ला रोज ऐकावा लागतो त्या मुली कुठे उठून जाणार? मध्यरात्रीची चाल हे याचं अक्षरशः उत्तर आहे. उठल्या आणि गेल्या.

सिद्धांत चिकटवू नका, घासून बघा

‘नजर’ हा शब्द आला की आपली बोटं आपोआप लॉरा मल्व्ही यांचा १९७५चा लेख टाइप करायला लागतात. पुरुषी नजर, झालं, सैद्धांतिक चौकट मिळाली. जरा दमानं घ्या. मल्व्ही लिहीत होत्या सिनेमाबद्दल, तोही मुख्यतः जुन्या हॉलिवूडच्या. तिथे प्रेक्षक अंधारात सुरक्षित बसलेला असतो आणि पडद्यावरची बाई त्याच्याकडे खऱ्या अर्थाने बघू शकत नाही. रंगमंचावर ती बघू शकते. ‘थोडा ध्यान से’ची पहिली मिनिटं उभी आहेत ती याच फरकावर. म्हणून मल्व्हींची मांडणी इथे जशीच्या तशी बसत नाही, आणि ती कुठे बसत नाही हे दाखवणं हेच तुमचं योगदान होऊ शकतं. चौकट जिथे अपुरी पडते ती जागा लपवू नका, तिथेच एक प्रकरण असतं.

तुलना कशाशी?

एकटं काम अभ्यासलं की सगळंच ‘अभूतपूर्व’ वाटतं. म्हणून तुलना हवी, आणि ती जवळच्या गोष्टीशी हवी. मी दोन घेते.

पहिली, मणिपूरच्या हैस्नाम कन्हाईलाल यांचं ‘द्रौपदी’. महाश्वेता देवींच्या कथेवरचं हे नाटक २००० साली आलं. सावित्री हैस्नाम यांनी त्याच्या शेवटी वस्त्रं टाकून दिली आणि त्यावर मणिपूरमध्ये मोठं वादळ उठलं. चार वर्षांनी, १५ जुलै २००४ रोजी, थांगजम मनोरमाच्या हत्येनंतर इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा स्त्रियांनी विवस्त्र होऊन निदर्शनं केली. नाटकामुळे हे घडलं असं म्हणू नका. दोन्ही घटना एकाच दुखण्यातून आलेल्या आहेत, एवढं म्हणता येतं.

आता मांडणी बघा. ‘द्रौपदी’मध्ये विवस्त्र होणं शेवटी येतं. कथेने त्याची तयारी केलेली असते आणि समोर लष्करी अधिकाऱ्याचं पात्र असतं. तो घाव त्या पात्रावर बसतो. प्रेक्षक हादरतो, पण साक्षीदार म्हणून. ‘थोडा ध्यान से’मध्ये ते आरंभी येतं, कथेशिवाय, आणि मध्ये कुठलं पात्र नाही. अधिकाऱ्याच्या जागी थेट प्रेक्षक आहे. दोन्ही प्रयोगांना ‘नग्नतेचा धाडसी वापर’ या एका खोक्यात टाकलं तर हा फरक कायमचा बुजतो.

दुसरी तुलना माया कृष्ण राव यांच्या ‘वॉक’शी. तेही डिसेंबर २०१२च्याच घटनेतून आलेलं एकपात्री काम, रात्री रस्त्यावरून चालण्याच्या हक्काबद्दलचं. कथकलीची तालीम घेतलेल्या राव रंगमंचावर चालण्याबद्दल बोलतात, तालावर पावलं टाकतात. ‘विमेन वॉक ॲट मिडनाइट’मध्ये चालण्याबद्दल कुणी बोलत नाही, चालतात. एकाच घटनेला एकाच शहरातून आलेले हे दोन प्रतिसाद. दुसऱ्याला ‘प्रयोग’ म्हणायचं का, असं तुमचे परीक्षक नक्की विचारतील. माझं उत्तर असं की, तनेजांच्या बाकीच्या कामांशेजारी ठेवलं तर म्हणावं. सुटं उचललं तर ती सामाजिक चळवळ आहे आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी ती तुमच्यापेक्षा चांगली अभ्यासेल.

इथे मुंबईतलं एक पुस्तक अवश्य वाचा. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं २०११चं ‘व्हाय लॉयटर?’. मुंबईतली बाई सार्वजनिक जागेत असते ती कामासाठी, कॉलेजला, बाजारहाटाला. विनाकारण रेंगाळायची तिला मुभा नसते, आणि ‘सुरक्षिततेची’ भाषा ही मुभा आणखी कमी करते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ‘थोडा ध्यान से’ त्याच निष्कर्षाला शरीराच्या वाटेने पोहोचतं. पुस्तक आधीचं, प्रयोग नंतरचा. कुणी कुणापासून घेतलं हे शोधण्यापेक्षा, एकच युक्तिवाद गद्यात काय करू शकतो आणि रंगमंचावर काय, हा प्रश्न जास्त फळ देईल.

आणि आता अडचण

इथपर्यंत मी कौतुकच केलं. पण समीक्षेत कौतुकाला जिथे ओरखडा येतो ती जागाही दाखवावी लागते. ‘थोडा ध्यान से’बद्दल माझी एक अडचण आहे आणि ती महाराष्ट्रात बसून जास्त टोचते.

हा प्रयोग एक गोष्ट गृहीत धरतो. कपडा म्हणजे समाजाने बाईवर चढवलेलं ओझं, आणि उघडं शरीर म्हणजे त्या आधीची अवस्था. सगळ्या बायकांसाठी इतिहास असा घडलेला नाही. त्रावणकोरमध्ये नाडर स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याच्या हक्कासाठी दीर्घ लढा द्यावा लागला, १८५९ साली राजाला जाहीरनामा काढावा लागला. तिथे थर चढवणं हाच प्रतिकार होता. आपल्याकडे लावणी घ्या. नऊवारीत बाई नखशिखान्त झाकलेली असते, तरी तिचं शरीर समाजाने ‘उघडं’च मानलं, कारण ते कुठल्या जातींतून आलंय हे ठरलेलं होतं. शर्मिला रेगे यांनी १९९५च्या लावणी कलावंतांवरच्या निबंधात दाखवलं, की लावणीतली शृंगारिक बाई ही कनिष्ठ जातींतल्या स्त्रियांच्या देहावर आणि श्रमावर हक्क सांगण्याच्या व्यवस्थेतून घडवली गेली.

अजून जवळचं उदाहरण म्हणजे डान्सबार. २००५ साली महाराष्ट्रात बंदी आली. त्या दुरुस्तीत नाट्यगृहं आणि तारांकित हॉटेलं यांना सूट होती. नाच तोच, पण जागा बदलली की कायद्याच्या नजरेत बाई बदलायची. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरवणारा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला, त्यात हा भेदभाव महत्त्वाचा ठरला. मग प्रश्न असा, की नाट्यमहोत्सवात विवस्त्र उभं राहणारं शरीर ‘विधान’ ठरतं आणि बारमध्ये पूर्ण कपड्यांत नाचणारं ‘अश्लील’, तर हे ठरवतं कोण? तनेजांच्या प्रयोगाला मिळणारी शांतता, आदर, टाळ्या, यांत त्या जागेचा, तिकिटाचा, भाषेचा आणि प्रेक्षकांच्या वर्गाचा वाटा किती?

याने प्रयोग फसतो का? मला तसं वाटत नाही. पण त्याची पोच कळते. ज्यांना ‘थोडा ध्यान से’ असं सांगितलं जातं, म्हणजे ज्यांना जपण्यालायक समजलं जातं, त्या बायकांची ही गोष्ट आहे. ज्यांच्याबद्दल कुणी काळजीही व्यक्त करत नाही, त्या या खोलीबाहेर राहतात. गंमत म्हणजे माझे ते तीन प्रश्नच मला इथे घेऊन आले. कोण बघतंय हे विचारताना पुढचं विचारावंच लागतं, की बघायला आत कुणाला येता आलं?

माझ्या मते मध्यरात्रीच्या चालीची समीक्षेच्या दृष्टीने खरी किंमत इथे आहे. रस्ता हे नाट्यगृह नव्हे. तिथे आधीच रात्रपाळीच्या बायका आहेत, झाडणाऱ्या आहेत, फुटपाथवर झोपणाऱ्या आहेत. चालणाऱ्यांना ‘रिकामी रात्र’ मिळत नाही, वसलेली रात्र मिळते. चालणाऱ्या गटाला या बायका दिसतात का, आणि दिसल्या तर चालीत काय बदलतं, या प्रश्नावर शोधप्रबंध होऊ शकतो. ‘स्त्रीवादी जाणिवा’वर होणार नाही असं नाही. फक्त तो लिहून झाल्यावर तुम्हाला नवीन काही कळलेलं नसेल.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तनेजा बाजूला ठेवा. तुम्ही नगरच्या एकांकिकांतून पुढे आलेला दिग्दर्शक घ्याल, गोव्याच्या तियात्रातली कलाकार घ्याल, पुण्यातली समकालीन नृत्य करणारी मुलगी घ्याल. काम करायची रीत मात्र हीच ठेवता येईल.

एक काम निवडा आणि त्याचं दोन पानी वर्णन करा, एकही विशेषण न वापरता. ‘प्रभावी’, ‘अंतर्मुख करणारं’, ‘हृदयस्पर्शी’ हे शब्द आले की खोडा. कोण कुठे उभं आहे, प्रकाश कुणावर आहे, प्रेक्षक कुठे बसलाय, पहिली हालचाल कधी होते, बोलणं कुणाला उद्देशून आहे, हे लिहा. मग दुसऱ्या कामाचं असंच वर्णन करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. जे बदललंय त्याच्या खाली रेघ मारा. तनेजांच्या बाबतीत बदललेली गोष्ट होती समोर बसलेला माणूस. तुमच्या कलाकाराच्या बाबतीत ती वेगळी असेल. कदाचित भाषा असेल, कदाचित वेळ, कदाचित मूक राहणारं पात्र.

जिवंत, तरुण कलाकारावर काम करताना अजून एक पथ्य पाळा. त्याचं काम अजून चालू आहे. तुम्ही काढलेला निष्कर्ष तो पुढच्या वर्षी एका प्रयोगात मोडू शकतो. म्हणून प्रबंधात कलाकाराचं ‘मूल्यमापन’ करून मोकळं होण्याची घाई नको. आणि मुलाखत घ्यायला गेलात तर ‘तुमची प्रेरणा काय?’ हे विचारू नका. याचं ठरलेलं उत्तर प्रत्येकाकडे असतं. ‘त्या प्रयोगात तुम्ही इतका वेळ नुसत्या उभ्या राहता, तो वेळ किती ठेवायचा हे कसं ठरलं?’ हे विचारा. यातून तालमीची गोष्ट बाहेर येते, आणि तालमीची गोष्ट कुठल्याच परीक्षणात छापलेली नसते.

त्या बाईंचा प्रश्न मी आता माझ्या टेबलासमोर चिकटवलाय, आयाम कुठे छेदतात? तनेजांच्या कामात ते प्रेक्षकाच्या खुर्चीपाशी छेदतात, असं माझं सध्याचं उत्तर आहे. ते चुकीचं ठरलं तरी चालेल, कारण ते तपासून बघता येतं. ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ तपासता येत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमधून हे दोन शब्द आज रात्रीच खोडा आणि त्या जागी तपासता येईल असं एक वाक्य लिहून बघा.